आतलं चाक

"बंद कर. आता पुन्ना चालू कर," बॉनेटमध्ये डोकं खुपसलेल्या प्रेमसिंगने हुकूम सोडला, आणि एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या हिरासिंगने मुकाट्याने चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. त्याच्या मागोमाग तेही सुरू झालं. चिक्, चिक्, चिक्, चिक्. एका लयीत, न थकता, भुकेलं चिमणीचं पिल्लू ओरडावं तसं.

"ऐकलं?" प्रेमसिंगने डोकं बाहेर काढलं. "पट्ट्याच्या अंगानं येऊन राह्यला आवाज. पन पट्टा नोय हा. आतली चेन गेली. इंजिन खोलावं लागते तुहं, माहं आईक."

प्रेमसिंगचं घर हिरासिंगच्या घराला लागून. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, आणि तांड्यात ज्याच्याकडे ट्रॅक्टर असतो त्याला यंत्रातलं सगळं कळतं असं सगळे धरून चालतात. सगळ्यांत आधी तो स्वतः धरून चालतो. त्यात हा बंजाऱ्यांचा तांडा बोरी अरबच्या रस्त्याला लागून. ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, तिथे नवं वाहन आलं की घरच्या सुनेची होणार नाही एवढी त्याची चौकशी होते. गेले पाच दिवस ती चालू होती. कोणी म्हणे उंदीर शिरला, कोणी म्हणे बेरिंग बसलं. म्हातारी भुरीबाई काठी टेकत येऊन सरळ सांगून गेली की दृष्ट लागली आहे, मिरच्या ओवाळून टाका. हिरासिंगने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला.

आज आठवा दिवस होता.

गाडी दारव्ह्याच्या पंजाबराव गुरुजींची. पांढरी, चौदा वर्षं जुनी, पण गुरुजींनी ती जपून वापरलेली. गुरुजी निवृत्त झाले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गाडी उभीच राहू लागली, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. माणूस सरळ. व्यवहाराच्या वेळी ते म्हणाले होते, "हिरासिंग, आठ दिवस वापर. मनाले नाही पटली त् आणून दे, मी एक शब्द न बोलता पैसे वापस करतो. पन आठवा दिवस मावळला की गाडी तुझी अन् तिचं नशीबही तुझं." असा सौदा आजच्या दिवसात कोण करतो?

आणि हिरासिंगने तरी ती काय उगीच घेतली होती? गुरुजींच्या अंगणात अर्धा तास डोळे मिटून तो इंजिनाजवळ उभा होता. चहा आला तो निवून गेला. मग डोळे उघडून त्याने सांगितलं होतं, "इंजिन चांगलं हाय, गुरुजी. घेतो मी." हे त्याने तांड्यावर येऊन चार लोकांना रंगवून सांगितलंही. हिरासिंग डायवर नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतो, असं बोरीपासून दारव्ह्यापर्यंत बोललं जायचं, आणि खोटं कशाला बोला, ते ऐकायला त्याला आवडायचं.

तिसऱ्या दिवशी गाडी चिकचिकायला लागली. त्याने फोन करून गुरुजींच्या कानावर तेवढं घातलं.

आता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. गाडी परत द्यावी, तर आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी हातची जाणार. एकतीस वर्षं त्याने दारव्ह्याच्या एका जिनिंगवाल्या शेठची गाडी चालवली. शेठने चार गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलला नाही. मागच्या साली शेठची मुलं शेठला नागपूरला घेऊन गेली, जिनिंग विकलं गेलं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी हिरासिंग घरी बसला. या वयाच्या माणसाला नवा मालक कोण ठेवणार? स्वतःची गाडी असली तर बोरीच्या चौकात लावता येईल, कोणाला दवाखान्यात यवतमाळला, कोणाला लग्नाला नेता येईल. रविवारचं मुकुटबनचं भाडं तर ठरलंही होतं. हे सगळं सोडायचं.

आणि गाडी ठेवावी, तर आत खरंच इंजिन बसलेलं असलं तर? मग आयुष्यभराचं गाठोडं अंगणात उभं राहून गंजणार, आणि वर लोक म्हणणार, कानाने गाडी ओळखणारा स्वतःच फसला.

पाच दिवसांत त्याने काय केलं नाही? लांब पेचकस घेऊन त्याची मूठ कानाला लावली, टोक एकेका भागावर टेकवून ऐकलं. आवाज कधी इथून येतोय वाटे, कधी तिथून. बॅटरी मारून पट्ट्याची चाकं पाहिली. खालच्या चाकाजवळ काहीतरी लालसर दिसलं, तो गंज समजून त्याने सोडून दिलं. चौथ्या दिवशी प्रेमसिंगने सांगितलं की पिठाच्या चक्कीच्या पट्ट्याला साबण घासतात, तसा घास. गाडीच्या पट्ट्याला साबण लावायचा नसतो हे हिरासिंगला पक्कं माहीत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. त्याने कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि घासली. आवाज गेला! तो धावत घरात लालीबाईला सांगायला गेला. अर्ध्या तासाने आवाज परत आला, आणि या वेळी चढ्या आवाजात.

त्या रात्रीपासून त्याला गाडीपेक्षा स्वतःच्या कानांचीच काळजी लागली होती. गुरुजींच्या अंगणातही हा आवाज होता आणि आपल्याला ऐकूच आला नाही, असं तर नाही? हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

"दारव्ह्याले जातो," तो प्रेमसिंगला म्हणाला आणि त्याने बॉनेट खाली घेतलं.

"वापस द्याले?"

"कपिलच्या गॅरेजवर दाखवतो आधी. मोठं काही निघालं त् तसाच गुरुजीच्या घरी."

"मोठंच निघते पाह्य," प्रेमसिंग म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. फक्त आपलं निदान खरं ठरावं एवढीच त्याची इच्छा होती.

हिरासिंग घरातून कागद घ्यायला गेला, तर लालीबाई धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. केस विंचरलेले, पायात चपला.

"तू कुठं?"

"मी बी येतो."

"अवं, गाडी वापस द्यावी लागली त् येतानी जीपमंदी कोंबून यावं लागन. तू कायले तरास करून घेते?"

"वापस द्याले चालले म्हनूनच येतो," लालीबाई म्हणाली. "आठ रोज झाले, तुमी मले बसू देल्लं नाई. आठ दिवस होऊ दे, मंग नेतो, म्हने. आता नेता कवा? एकडाव बसू द्या मले."

हे खरं होतं. गाडी पक्की आपली झाल्याशिवाय तिला बसवायची नाही, असा त्याचा हट्ट. एकदा बसवून मग गाडी परत करावी लागली तर तिला वाईट वाटेल, असा त्यामागचा हिशेब. शहाण्या माणसांचे हिशेब हे असे असतात. त्याने कागद खिशात घातले. लालीबाई मागच्या सीटवर जाऊन बसली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या आणि मधल्या पट्ट्यांत कापूस फुटला होता. वेचणीच्या बाया ओळीने वावरात उतरल्या होत्या. गाडी जरा वेगात आली की वाऱ्यात आवाज हरवायचा, आणि एखादी बैलगाडी आडवी आली, वेग कमी झाला, की पुन्हा चिक्, चिक्, चिक्. बैलगाडीवाला वळून बघायचा. हिरासिंगला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मऊ हाय," लालीबाई मागून म्हणाली. ती सीटवरून हात फिरवत होती.

"हं."

"जीपमंदी असं नसते. जीपमंदी माणसाचा खांदा माणसाच्या तोंडात."

हिरासिंगला हसू आलं आणि लगेच मावळलं. बायको जन्मात पहिल्यांदा त्याने चालवलेल्या गाडीत बसली होती, आणि ती गाडी तो परत करायला निघाला होता. शेठच्या गाडीत ती कधी बसली नाही. तो म्हणाला असता तर शेठने नाही म्हटलं नसतं, पण तो कधी म्हणालाच नाही.

"गुरुजी फसवणारे हायेत काय?" तिने विचारलं.

"नाई. गुरुजी तसे नाईत."

"मंग गाडी बी तशी नसन," लालीबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. या तर्काला यंत्रशास्त्रात काही जागा नाही, पण हिरासिंगला त्याने जरा बरं वाटलं.

कपिलचं गॅरेज दारव्ह्यात शिरता शिरताच लागतं. पत्र्याची शेड, बाहेर दोन जीप, एक मालवाहू गाडी. कपिल पस्तिशीचा, शिकलेला मेकॅनिक. हात काळे पण बोलणं साफ. हिरासिंगची गाडी थांबली तेव्हा तो बाहेरच उभा होता, आणि गाडी थांबायच्या आधीच त्याला ऐकू आलं होतं.

"काका, चिमन्या पाळल्या काय?" तो हसला. "अन् तुमी माह्याकडं कसे? आवाज त् तुमी ओळखता. मी तुमाले विचारत असतो."

"माह्या कानावर माहाच भरोसा नाई राह्यला, कपिल," हिरासिंग म्हणाला. त्याला असं काही बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

कपिल हसायचा थांबला. त्याने एक टायर ओढून लालीबाईला बसायला दिला आणि डॉक्टरासारखा विचारू लागला. कधीपासून? थंड असताना येतो की गरम झाल्यावर? एसी लावला की वाढतो? घेतल्या दिवशी होता? हिरासिंगने उत्तरं दिली. घेतल्या दिवशी नव्हता, हे मात्र त्याने जरा दबक्या आवाजात सांगितलं.

"चालू करा."

इंजिन चालू झालं. कपिलने झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली घेतली आणि फिरत्या पट्ट्याच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर पाण्याची बारीक धार सोडली.

आवाज बंद.

हिरासिंग खिडकीतून बाहेर वाकला. लालीबाई टायरवरून अर्धी उठली. कपिलने बोट वर केलं, म्हणजे थांबा. तिघेही ऐकत राहिले. रस्त्यावरून एक एसटी गेली. ती लांब गेल्यावर, पाणी उडून गेल्यावर, हळूच पुन्हा: चिक्. चिक्, चिक्.

"झालं काम," कपिल खूश होऊन म्हणाला. "पट्टा ढिला असता त् पानी पडल्यावर अजून बोंबलला असता. हा गप बसला अन् मंग पुन्ना बोलला. म्हंजे ढिला नाई. एक त् कोनतं चाक वाकडं चालून राह्यलं, नाहीत् कोन्या चाकाच्या खाचेत काही अडकून हाय. बंद करा." त्याने पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "अन् हे बुळबुळीत काय हाय? साबन कोनं लावला?"

"लावला होता," हिरासिंग जमिनीकडे बघत म्हणाला.

"काका!"

"प्रेमसिंगनं सांगतलं."

"अन् तुमी आयकलं?" कपिलने कपाळावर हात मारला. पण जास्त बोलला नाही. पाना लावून त्याने पट्ट्याचा ताण सैल केला आणि पट्टा काढून घेतला. "आता थोडंसंच चालू करा. मी हात दाखवला की बंद."

हिरासिंगने चावी फिरवली. पट्ट्याशिवायचं इंजिन सुरू झालं, आणि त्याने सवयीने डोळे मिटले.

कसला आवाज? काही नाही. भरीव, एकसारखी, शांत घरघर. गुरुजींच्या अंगणात अर्धा तास ऐकली होती तीच. तेव्हाही आत काही नव्हतं, आताही नव्हतं. चेन नाही, बेरिंग नाही, काही नाही. त्याने तेव्हा ऐकलं ते खरं होतं. कपिलने हात दाखवला तरी त्याला दिसला नाही, कारण डोळे मिटलेले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. कपिलने खिडकीतून हात घालून स्वतःच चावी बंद केली.

"इंजिन एकदम ओके हाय, काका," तो म्हणाला. "तुमचे कान बी."

हिरासिंगचा जीव भांड्यात पडला. तो गाडीतून उतरला, उपरण्याने तोंड पुसलं आणि लालीबाईकडे बघून नुसती मान हलवली. तिला पुरतं कळलं नाही, पण मान कोणत्या बाजूने हलली ते कळलं.

आता कपिल एकेक चाक हाताने फिरवून बघत होता. वरचं मऊ फिरलं. बाजूचं मऊ फिरलं. कोणतंही वाकडं नव्हतं. मग तो गाडीखाली सरकला, बॅटरी लावून सगळ्यांत खालच्या चाकाच्या खाचा निरखू लागला.

"दाभन द्या बरं, काका. पेटीवर हाय."

हिरासिंगने दाभण दिलं. खाली खरवडल्याचा आवाज झाला. कपिल सरपटत बाहेर आला, उठून उजेडात गेला आणि त्याने तळहात उघडला. तळहातावर पाच-सहा कडक, लालपिवळे खडे होते. त्याने एक खडा अंगठ्याने चुरला. अंगठा लाल झाला. त्याने वास घेतला.

"गूळ हाय हा," तो म्हणाला. "गूळ, कुंकू, अन् हे... हे तांदूळ हायेत, काका. ह्या अक्षता हायेत! गुळानं चिपकल्या, इंजिनच्या गर्मीनं दगड झाल्या. खाचेत बसून पट्ट्याले दर फेऱ्याले टोचून राह्यल्या. अशी केस मी जिंदगीत पाह्यली नाई."

लालीबाई उभी राहिली. तिच्या तोंडावरचा रंग गेला.

आणि हिरासिंगला दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवली. गाडी आणली तो दिवस अमावास्येचा, म्हणून पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी. ऑइल बघायला त्याने बॉनेट उघडलं होतं आणि हात पुसायला फडकं आणायला तो घरात गेला होता. लालीबाई तबक घेऊन चारही चाकांपुढे बसून उठली होती. तिने बाहेरून विचारलं होतं, "झाले ना सारे चाकं? का अजून हायेत याले?" आणि त्याने आतून, फडकं शोधता शोधता, काही विचार न करता उत्तर दिलं होतं, "आत बी हायेत ना, पट्ट्याचे." बस. एवढंच. तो बाहेर आला तेव्हा ती तबक घेऊन तुळशीपाशी गेली होती आणि त्याने बॉनेट लावून टाकलं होतं. म्हणजे ती वाकली असणार. जिथवर हात पोचला तिथवर घातला असणार. खालच्या चाकापर्यंत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"कोनं केलं हे?" कपिलला हसू आवरेना. "आतल्या चाकाले गूळ-अक्षता?"

लालीबाईने पदर तोंडाशी नेला आणि ती तांड्याच्या गोर बोलीत काहीतरी सांगायला लागली. कपिलला ती बोली कळत नव्हती. एक शब्द होतो न होतो तोच हिरासिंग मध्ये बोलला.

"म्या केलं."

"तुमी?"

"हव. नवी गाडी होती. हौस केली."

कपिल त्याच्याकडे बघत राहिला आणि मग जो हसत सुटला! हातातले खडे सांडू नयेत म्हणून मूठ आवळून, गाडीला टेकून हसला. शेजारच्या पंक्चरवाल्याला त्याने हाक मारून बोलावलं. "ये, पाह्य इकडं! एकतीस सालाचे डायवर, अन् इंजिनच्या पुलीले गूळ चारला! वरून साबन लावला!" पंक्चरवालाही हसला. समोरच्या टपरीवरचे दोघं काय झालं म्हणून आले आणि त्यांनाही गोष्ट पहिल्यापासून सांगण्यात आली. हिरासिंग मधोमध उभा होता. त्याचे कान तापले होते. एकतीस वर्षांत त्याच्या गाडी चालवण्याला कोणी हसलं नव्हतं, आणि दारव्ह्याच्या टपरीवर पोचलेली गोष्ट पुढे कुठे कुठे जाते हे त्याला चांगलं माहीत होतं. पण त्याने आपलं वाक्य मागे घेतलं नाही. लालीबाईकडे त्याने बघितलंही नाही, कारण बघितलं असतं तर ती बोलली असती.

त्याच्या डोक्यात मात्र भलतंच चालू होतं. शेठच्या गाडीची दर दसऱ्याला पूजा व्हायची. तो पहाटेच जाऊन गाडी धुवायचा, झेंडूचं तोरण बांधायचा. शेठाणी यायच्या, चार चाकांना कुंकू लावायच्या, नारळ फोडला जायचा, आणि त्याला पेढ्यांचा पुडा मिळायचा. संध्याकाळी तो घरी आला की पुडा हातात घ्यायच्या आधी लालीबाई विचारायची, "झाली गाडीची पूजा?" तो म्हणायचा, झाली. दर वर्षी हाच प्रश्न, हेच उत्तर. ज्या गाडीवर आपलं घर चालतं तिला आपल्या हातचं कुंकू एकदाही लागलं नाही, हे बाईच्या मनात किती वर्षं साचलं असेल याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. तो विचार त्याच्या मनात आज, लोक हसत असताना, आला.

कपिलने चाकाच्या खाचा तारेच्या ब्रशने लख्ख केल्या. पट्टा साध्या पाण्याने तीनदा धुतला, कोरडा केला, वाकवून वाकवून पाहिला. "पट्टा चांगला हाय. अजून दोन साल पाहाले नोको." त्याने तो परत चढवला. चावी फिरली, इंजिन लागलं, आणि टपरीवरचे दोघंसुद्धा कान देऊन ऐकू लागले.

काही नाही. घरघर तेवढी. लालीबाईने पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

हिरासिंगने तिथूनच पंजाबराव गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, हिरासिंग बोलतो. गाडी ठेवतो मी."

"अरे, अन् तो आवाज?"

"दाना होता जी चाकात. निघाला."

 मग गुरुजी म्हणाले, "बरं झालं बाबा. तुझा फोन आला तवापासून मी झोपलो नाही. लोक म्हणतील, मास्तरनं आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलं अन् म्हातारपणी गरीब डायवराले फसवलं. घे, गाडी तुझी झाली. तुले लाभो." हिरासिंगने फोन ठेवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या पाच दिवसांत झोप एकट्याचीच उडाली नव्हती.

परतीच्या वाटेवर उन्हं कलली होती. गाडी गुमान चालत होती. एक बैलगाडी आडवी आली, त्याने वेग कमी केला, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज स्वच्छ आत आला. गाडीवानाने वळून बघितलंसुद्धा नाही.  बोरी जवळ आली तेव्हा लालीबाई पुढे वाकली.

"तुमी काहून घेतलं आपल्यावर?"

त्याने गिअर बदलला.

"मी केलं होतं. मी सांगत होतो त् तुमी मधातच बोलले. आता सारं दारव्हा हासन तुमाले."

"हासू दे."

"तुमाले कोनी हासलं नाई आजवर."

"आता हासन," हिरासिंग म्हणाला. "माह्यावर हासले त् एका डायवरावर हासले. तुह्यावर हासले असते त् तुह्या पूजेवर हासले असते. थे मले चाललं नसतं."

 आरशात बघावं असं त्याला वाटलं, पण त्याने बघितलं नाही. ती रडते आहे हे त्याला आरशाशिवाय कळत होतं. नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग रडता रडता ती एकदम हसली.

"मी म्हनलं, एक बी चाक सुटू नाई," ती म्हणाली. "हात पोचत नोता, तरी घातला."

हिरासिंगही हसला. असा हसला की त्याला गाडी जरा बाजूला घेऊन थांबवावी लागली. रस्त्याकडेला, तुरीच्या वावराशेजारी, नवरा-बायको आपापल्या सीटवर बसून पोट धरून हसत होते, आणि वेचणीवरून घरी निघालेल्या बाया हे काय म्हणून बघत पुढे गेल्या.

तांड्यावर बातमी गाडीच्या आधी पोचली होती. कपिलच्या गॅरेजपासून बोरीपर्यंत आता फोन असतात, बैल नव्हे. प्रेमसिंग रस्त्यावरच येऊन उभा होता, भोवती सात-आठ जण, आणि काठी टेकलेली भुरीबाईही होती.

"काय डायवरसाहेब!" प्रेमसिंग लांबूनच ओरडला. "गाडीले गूळ-भात चारला म्हंते! जिरला का नाई?"

सगळे खो खो हसले. आपलं इंजिनाचं निदान साफ चुकलं होतं हे प्रेमसिंग या गडबडीत सोयीस्कर विसरला होता.

"भुकेली होती बिचारी," हिरासिंग खिडकीतून म्हणाला. "एकतीस साल वाट पाह्यली तिनं."

हे शेवटचं कोणाला कळलं नाही, आणि त्याने समजावलंही नाही. त्याने गाडी अंगणात घेतली आणि मुद्दाम चालूच ठेवली. हसणारे एकेक करून गप्प झाले आणि ऐकू लागले. प्रेमसिंगने मान वाकडी करून बॉनेटजवळ कान नेला. पाच दिवस ज्याने तांडा डोक्यावर घेतला होता तो आवाज कुठेच नव्हता. मग हिरासिंगने चावी बंद केली.

तो खाली उतरला, गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेला आणि त्याने मागचा दरवाजा उघडला. शेठाणींसाठी रोज उघडायचा तसाच, एका हाताने दार धरून, जरा बाजूला सरून. लालीबाई आधी बावरली. सगळा तांडा बघत होता. मग तिने पदर सारखा केला, एक पाय खाली टेकला, मग दुसरा, आणि अजिबात घाई न करता ती उतरली.